चराची रुंदी

सुकन्या बिराजदारला ऑफिसात सगळे 'पाइपवाल्या मॅडम' म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. लातूरच्या त्या सरकारी ऑफिसात गावोगावच्या सांडपाण्याच्या कामांचे नकाशे व्हायचे, अंदाजपत्रकं व्हायची. बाकीचे अभियंते सगळ्यात थोडं थोडं लक्ष घालायचे. सुकन्याचं मात्र एका गोष्टीत मन अडकलं होतं. जमिनीत गाडलेल्या सिमेंटच्या पाइपावर वरची माती नेमका किती भार टाकते, हे काढायचं काम तिच्याकडं होतं, आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यातली एकवीस वर्षं तिनं त्यातच घातली होती.

ती निलंगा तालुक्यातली. घरी शेती, वडील नागप्पा, बोलणं निम्मं मराठी निम्मं कानडी. दहावीनंतर ती नांदेडला तंत्रनिकेतनात गेली. तिथल्या एका सरांनी फळ्यावर दोन चर काढले होते, एक अरुंद, एक रुंद. दोन्हीत पाइप तोच, वरची मातीही तेवढीच उंच. सर म्हणाले, "कुठल्या पाइपावर भार जास्त?" सगळा वर्ग म्हणाला, सारखाच. सरांनी मान हलवली. अरुंद चरात पाइपावरची भरलेली माती खाली बसायला लागते तेव्हा दोन्ही बाजूच्या भिंती तिला घासून धरतात, काही भार स्वतःवर घेतात. चर रुंद केला की भिंती लांब गेल्या. माती पाइपाच्या डोक्यावर बसली.

सुकन्याला ते लगेच पटलं. घरी कणगीत ज्वारी भरलेली असायची. बुडाचं तोंड उघडलं तरी सगळे दाणे एकदम कोसळत नसत, कडांना धरून राहायचे. लहानपणी तिला त्याचं नवल वाटायचं. वर आहे ते सगळंच खाली बसत नाही, एवढं तिला कळलं होतं, आणि त्याचा हिशोब मांडता येतो हे कळल्यावर तिला दुसरं काही नको झालं.

नोकरीत लागल्यावर तिनं हा हिशोब संगणकावरच्या एका शीटमध्ये बसवला. पाइपाचा व्यास टाका, चराची रुंदी टाका, मातीची खोली टाका, माती काळी की मुरमाड ते टाका. किती टन भार येईल आणि कुठल्या वर्गाचा, म्हणजे किती मजबूत, पाइप लागेल, ते खाली आपोआप यायचं. आधी हेच काम लोक तक्ते बघून करायचे आणि एका गावाला दोन दिवस लागायचे. आता अर्ध्या तासात व्हायला लागलं. शेजारच्या जिल्ह्यांतली ऑफिसंही तिची शीट मागून न्यायची.

एकदा एका नव्या पोरानं चराच्या रुंदीच्या रकान्यात एक पूर्णांक दोनच्या जागी बारा टाकलं आणि भलताच आकडा घेऊन साहेबांपुढं गेला. सगळे हसले. सुकन्याला हसू आलं नाही. शीट तिची होती. तिनं त्या संध्याकाळी रुंदीचा रकानाच कुलूपबंद करून टाकला. नियमाप्रमाणे पाइपाच्या दोन्ही अंगाला वीसबावीस सेंटिमीटर जागा सुटते. सहाशे मिलिमीटरच्या पाइपाला, त्याची जाडी धरून, एक मीटर वीसचा चर पुरतो. गावोगावी बहुतेक तोच पाइप लागायचा, म्हणून तेवढाच आकडा तिथं कायमचा बसवला आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवला. आता कुणी चुकणार नाही, असं तिला वाटलं.

तेव्हा गावोगावी चर माणसं खोदायची. कुदळीनं, फावड्यानं, आणि माणूस लागतं त्यापेक्षा बोटभरही जास्त खोदत नाही. पुढं जेसीबी आले.

पाशामियाँ औशाचे. तीस वर्षं पाइप बसवायचं काम करत होते. वडिलांचा धंदा विहिरी बांधायचा, त्यामुळं मातीशी ओळख घरातलीच. साठीच्या आसपासचा माणूस, अंगानं बारीक, बोलणं कमी. ठेकेदार कुणीही असो, खोल पाइपाचं काम निघालं की त्यांनाच बोलावणं जायचं. सुकन्या त्यांना पाशाभाई म्हणायची. साइटवर गेली की आधी त्यांना गाठायची, मग ठेकेदाराला.

खडकउमरीचं काम नोव्हेंबरात चालू होतं. गाव काळ्या मातीचं. गावाच्या मधोमध गल्ली चढाची आहे, तिथं पाइप तीन मीटर मातीखाली जाणार होता. सुकन्या पाहणीला गेली तेव्हा जेसीबीनं चर काढून ठेवला होता. ओलसर काळी माती दोन्ही अंगांनी ढासळत होती. चालकानं ती पुन्हा पुन्हा ओढून काढली होती, त्यात चर पसरत गेला होता.

पाशामियाँ खाली उतरले. खिशातून टेप काढली आणि पाइपाच्या डोक्याच्या उंचीवर धरली.

"मॅडम, वरचं सोडा. हितं, पाइपाच्या डोक्यापाशी, सव्वादोन मीटर भरून राहिलंय. कागदावर किती हाय?"

"एक वीस."

"मंग?"

सुकन्या काठावर उभी राहून बघत होती. चराच्या तळाला मुरमाचा थर पाहिजे होता, तोही नव्हता. मुरमाची गाडी उद्या येणार, असं ठेकेदाराचा माणूस म्हणत होता.

"लई भार येणार हाय यावर," पाशामियाँ म्हणाले. "एक नंबर वरचा पाइप मागवा. तीनचा नको, चार वर्गाचा. न्हाईतर बुडाला काँक्रीट द्या, त्यात पाइप बसवतो मी."

"मुरूम आल्याशिवाय बसवू नका. बाकीचं मी ऑफिसात जाऊन बघते."

"बघता ना?"

"बघते म्हटलं ना, पाशाभाई."

पाशामियाँनी टेप गुंडाळून खिशात टाकली.

ऑफिसात आल्यावर तिनं शीट उघडली नाही. नंतर तिनं सगळ्यांना सांगितलं की विसरले, त्या दिवशी बैठक होती. बैठक खरीच होती. पण विसरली नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रुंदीचं कुलूप काढून सव्वादोन टाकलं तर खाली काय येणार, याचा अंदाज तिला काठावर उभी असतानाच आला होता. आणि ते एका खडकउमरीपुरतं राहिलं नसतं. त्या वर्षी अठरा गावांची कामं त्याच शीटवर मंजूर झाली होती. सगळीकडं जेसीबी होते. एक रकाना उघडला की अठरा फायली उघडाव्या लागणार. ती उद्या बघू म्हणाली. उद्याचं परवा झालं. मुरूम आला की नाही, हेही तिनं विचारलं नाही. डिसेंबरात चर बुजला आणि त्यावर सिमेंटचा रस्ता झाला.

दोन वर्षं काही झालं नाही. मग एका सप्टेंबरात आठ दिवस झड लागली. नवव्या दिवशी सकाळी रत्नम्मा नावाची बाई दुधाची किटली घेऊन त्या चढाच्या गल्लीतून डेअरीकडं निघाली होती. वय पासष्टच्या पुढं. पायाखालचा रस्ता तिच्यासकट खाली गेला. पाइप चिरला होता, चिरांतून माती आत वाहून जात होती, आणि रस्त्याखाली हळूहळू पोकळी झाली होती. वरून बघणाऱ्याला काही दिसत नव्हतं. रत्नम्मा छातीपर्यंत आत गेली. गल्लीतल्या लोकांनी कासऱ्यानं तिला वर काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

बातमी ऑफिसात आली तेव्हा सुकन्या चहा पीत होती. गावाचं नाव ऐकून तिनं कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती उपअभियंता हरिओम साहेबांबरोबर गावात गेली. हरिओम तिच्याहून दहाबारा वर्षांनी लहान, हुशार, कामाला वाघ. रस्ता उकरून पाइप उघडा केला होता. सुकन्या शिडीनं खाली उतरली आणि तिनं हातानं चिखल पुसून चिरा बघितल्या. एक माथ्यावर, एक बुडाला आणि एकेक दोन्ही कुशींना. लांबच लांब, सरळ. पाइप आपटला तर असा फुटत नाही. जास्त भारानं चेपला की असाच फुटतो. पुस्तकात चित्र असतं तसं होतं ते. पाइपाखाली मुरूम कुठंही नव्हता; ठेकेदारानं त्याची वाट न बघता पाइप बसवून घेतला होता.

वर आल्यावर हरिओम साहेब म्हणाले, "उतरवताना आपटला असणार. बसवणारा कोण होता?"

"पाशामियाँ," ठेकेदाराचा माणूस लगेच म्हणाला.

सुकन्या हाताचा चिखल पुसत राहिली.

चौकशीची टिप्पणी आठ दिवसांत तयार झाली. पाइप बसवताना संबंधित कारागिराचा निष्काळजीपणा, असं त्यात होतं, आणि कंसात पाशामियाँचं नाव. खाली तीन सह्यांची जागा. तिसरी सुकन्याची.

"साहेब, हे बसवण्यानं झालेलं नाही," ती म्हणाली. "चर रुंद झाला होता. भार वाढला."

हरिओम साहेबांनी दार लोटून घेतलं. "मला पण थोडंफार कळतं, मॅडम. पण रुंदीचा विषय या कागदावर आला तर अठरा गावं उघडी पडतेत. लोक घाबरतील, रस्ते उकरा म्हणतील. ही टिप्पणी मिटू द्या. मग आपण एकेक गाव हळूच बघू. मी शब्द देतो."

"आणि पाशाभाई?"

"त्याला काही शिक्षा थोडीच हाय? नाव फक्त कागदावर."

सुकन्यानं टिप्पणी पुन्हा वाचली. नाव वाचलं. आणि सही केली. साहेब वाईट माणूस नव्हते, शब्द पाळतीलही, असं तिनं मनाला सांगितलं. खरं म्हणजे त्या कागदावर रुंदी आली असती तर तिचा कुलूपबंद रकाना आला असता आणि नोव्हेंबरातली ती दुपारही आली असती. हे तिला सही करताना माहीत होतं.

नाव फक्त कागदावर राहिलं नाही. महिन्याभरात पाशामियाँचं काम बंद झालं. कुठल्याच ठेकेदाराला कागदावर नाव आलेला कारागीर नको होता. पाशामियाँनी तिला फोन केला नाही. ते तिला जास्त जड गेलं. भांडले असते तर काहीतरी उत्तर देता आलं असतं.

घरी तिनं नवऱ्याला, सुदर्शनला, सगळं सांगितलं. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक.

"सही केलीस ना? मग आता झालं ते झालं. दहा वर्षं राहिलीत नोकरीची."

"झोप येत नाही मला."

"येईल. दिवस जाऊ दे."

दिवस गेले, झोप आली नाही. जेवताना घास हातात राहायचा. बसमधून जाताना रस्ता बसला की तिचे हात पुढची दांडी घट्ट पकडायचे.

दवाखान्यात जायचं तिनं तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं. शेवटी एका दुपारी गेली. रत्नम्मा खाटेवर पडून होती, पायाला वजन बांधलेलं. सुकन्यानं कोण कुठली ते सांगितलं. ती निलंग्याकडची आहे हे कळल्यावर म्हातारीचा चेहरा उघडला. "बा तंगी, बा," ये बहिणी ये, म्हणत तिनं खाटेची कड थोपटून बसायला सांगितलं.

इकडचं तिकडचं झालं. दूध कोण घालतं, म्हशीला कोण बघतं. मग रत्नम्मा म्हणाली, "तो पाइप बसवणारा मुसलमान म्हातारा हाय बघ, माझ्या दारात पाणी प्यायला यायचा. काम संपलं त्या दिवशी मला म्हणला, अम्मा, या जागेवरनं भरली गाडी जाऊ देऊ नका. का म्हणून विचारलं तर म्हणला, माती लई बसणार हाय हितं. मी गल्लीत सगळ्यांला सांगितलं. उसाच्या गाड्या आम्ही खालच्या रस्त्यानं लावल्या. गाड्या वाचल्या, मीच पडले."

ती स्वतःशीच थोडं हसली. मग म्हणाली, "आता गावात म्हणून राहिलेत, त्यानंच बिघडवलं. तू तर इंजिनेर. तुला काय वाटतं?"

पाण्याचा तांब्या भरून आणते म्हणून सुकन्या उठली आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा म्हातारीचा डोळा लागला होता.

रविवारी सकाळी सुदर्शन भाजीला गेल्यावर तिनं शीट उघडली. पासवर्ड टाकला, कुलूप काढलं, एक वीस पुसून तिथं दोन पंचवीस टाकलं. दर मीटरला पाच टनांचा भार होता तो सातच्या घरात गेला. मग मुरमाचा थर काढून टाकला. खाली थर असला की पाइप त्याच्या कुशीत बसतो आणि जास्त सोसतो. नसला की सपाट दगडावर ठेवल्यासारखा. शीटनं लाल रंगात उत्तर दिलं. तीन वर्गाचा पाइप चिरणारच होता, त्याला फक्त वेळ लागला. नोव्हेंबरात हे बघायला तिला पाच मिनिटं पुरली असती.

तिथंच बसून तिनं दोन पानी पत्र लिहिलं. रुंदीचा रकाना मी बंद केला. साइटवर चर सव्वादोन मीटर आहे हे मला पाशामियाँनी मोजून दाखवलं. त्यांनी वरच्या वर्गाचा पाइप किंवा काँक्रीट सुचवलं. मी काही केलं नाही. टिप्पणीवरची माझी सही चुकीची आहे, ती मी मागे घेते. इतर सतरा गावं तपासावीत.

सोमवारी हरिओम साहेबांनी पत्र वाचून ड्रॉवरमध्ये ठेवलं. "आठ दिवस थांबा, मॅडम. रागात लिहिलंय तुम्ही."

"रागात नाही लिहिलं."

"मी बघतो म्हटलं ना."

ते शब्द ऐकून ती दाराशीच थांबली. मग जागेवर गेली, पत्राची दुसरी प्रत काढली, स्वतः आवक-जावकच्या टेबलावर नेली आणि शिक्का मारून नंबर घेतला. आता पत्र ड्रॉवरमध्ये राहणार नव्हतं.

संध्याकाळी पाचच्या बसनं ती औशाला गेली. पाशामियाँचं घर किल्ल्याच्या बाजूला, बसस्टँडपासून चालत दहा मिनिटं. दार त्यांच्या बायकोनं, शकिलानं उघडलं. तिनं सुकन्याला ओळखलं. आत या म्हणाली, पण तोंडावर हसू नव्हतं. पाशामियाँ पलंगावर बसले होते. उठून उभे राहिले, खुर्ची पुढं केली.

सुकन्यानं पत्राची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचली. मराठी वाचायला त्यांना वेळ लागायचा. शकिला दाराशी उभी होती.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "एक विचारू? त्या पहिल्या कागदावर सही केली तवा माझं नाव वाचलं होतं का?"

"हो."

"वाचून केली."

"हो, पाशाभाई."

त्यांनी कागदाची घडी घातली. शकिला आत निघून गेली.

"तुम्ही शिकलेले लोक चुकले तर चुकले," ते म्हणाले. "आमचं नाव एकदा गेलं का गेलं. हे पत्र आलं म्हणून उद्या कुणी बोलावणार न्हाई मला."

"माहीत आहे."

"माफ करा म्हणू नका. मला तोंडानं होय म्हणावं लागंल, आन मनातून ते निघणार न्हाई."

तिनं पर्स उचलली. जायला उठली तेव्हा त्यांनीच विचारलं, "बाकीच्या गावांत रुंदी किती हाय, बघितली का?"

"कागदावर सगळीकडं एक वीस."

"कागद ऱ्हाऊ द्या. सात ठिकाणी मीच होतो. बाकीच्या ठिकाणी कोण होतं ते ठावं हाय. कुठं जेसीबीनं किती फाडलं ते ध्यानात हाय सगळं." ते थांबले. "मी येतो. तुमच्यासाठी न्हाई येत. त्या पाइपांवर माणसं चालून राहिलेत."

पत्राला नंबर पडल्यामुळं वरच्या ऑफिसातून विचारणा आली आणि तपासणीचा आदेश निघाला. हरिओम साहेबांनी सुकन्याशी बोलणं कमी केलं, पण गाडी दिली. दोन महिने ती आणि पाशामियाँ गावोगाव फिरले. खोल पाइपात माणूस शिरू शकत नाही. त्याला पाशामियाँकडं एक जुनी रीत होती. भर उन्हात एका चेंबरच्या तोंडाशी आरसा धरायचा, ऊन पाइपात सोडायचं आणि दुसऱ्या चेंबरमधून डोकावून बघायचं. पाशामियाँ उन्हाकडं आरसा धरायचे, सुकन्या पोटावर पडून आत बघायची. पाइप धड असला तर आतून गोल उजेड दिसायचा. चेपला असला तर उजेड बसका व्हायचा आणि माथ्यावरची चीर काळ्या रेघेसारखी उठून दिसायची.

कामापुरतं बोलणं व्हायचं. "डावीकडं घ्या." "दिसलं का?" "थोडं वर." जेवायच्या वेळी पाशामियाँ त्यांचा डबा घेऊन वेगळ्या झाडाखाली बसायचे. पहिल्या आठवड्यात तिनं बोलावलं होतं. नंतर बोलावलं नाही.

सतरांपैकी तेरा गावं धड निघाली. काही ठिकाणी माती मुरमाड होती, चर ढासळले नव्हते. काही ठिकाणी कारागिरानं मुरूम दाबून भरला होता. चार गावांत चिरा होत्या. एका ठिकाणी चेंबरमधून बघताना पाइप इतका बसका दिसला की सुकन्या उठून बसली आणि तिनं पाशामियाँना बोलावलं. वर लोकांची ये-जा चालू होती.

"किती दिवस?" पाशामियाँनी विचारलं.

"सांगता येत नाही. एक पावसाळा काढेल, नाहीही काढणार."

त्याच दिवशी त्यांनी सरपंचाला गाठून ती गल्ली बंद करायला लावली. त्या गावचा पाइप पंधरा दिवसांत बदलला. वरच्या वर्गाचा आणला, बुडाला काँक्रीट दिलं.

रत्नम्मा तीन महिन्यांनी घरी गेली, वॉकर घेऊन. सुकन्या तिला भेटायला गेली आणि ओसरीवर बसून सगळं सांगितलं, रकान्यापासून सहीपर्यंत. म्हातारीला रकाना समजला नाही. बाकीचं समजलं. "त्या म्हाताऱ्याचं नाव गावात तू सांग," ती म्हणाली. "मी सांगितलं तर लोक म्हणतेत, हिला काय कळतंय." सुकन्या ग्रामपंचायतीत गेली. तिथं बसलेल्या आठदहा लोकांपुढं उभी राहून तिनं सांगितलं की पाइप बसवणाऱ्यानं चूक केली नव्हती, चूक माझ्याकडून झाली. कुणी तिला शिव्या दिल्या नाहीत. एकजण म्हणाला, "मग आता तुमचं काय होणार?" ती म्हणाली, माहीत नाही.

पुढं झालं ते असं. पहिली टिप्पणी रद्द झाली, पाशामियाँचं नाव कागदावरून निघालं. ठेकेदारांनी तरी त्यांना बोलावलं नाही. चर मोजून बघणारा माणूस आता त्यांना नको होता. ते औशाच्या आसपास शेतातली, विहिरींची बारीकसारीक कामं करतात. सुकन्याला ताकीद मिळाली आणि डिझाइनच्या टेबलावरून उचलून आवक-जावकला बसवलं. तिची शीट अजून चालू आहे. रुंदीचा रकाना उघडा केला आहे, आणि साइटवर मोजलेली रुंदीच भरावी, अशी सूचना तिनं त्यावर लिहून ठेवली आहे. आवकला आलेल्या फायलींवर नंबर टाकताना ती तो रकाना बघते. बहुतेकांनी सवयीनं एक वीसच भरलेलं असतं. ती फाइल घेऊन त्या त्या टेबलावर जाते, हे मोजलंय का, विचारते. लोक हसून हो म्हणतात. कधी कुणी खरंच मोजून आणतो.

चारपैकी तीन गावांचे पाइप बदलून झाले. मुरुडजवळचं एक राहिलं आहे. काम मंजूर आहे, सुरू झालेलं नाही. चीर आहे तो तुकडा शाळेच्या रस्त्याखाली येतो. तिथं मोठे दगड ठेवून जड गाड्या बंद केल्या आहेत. सुकन्या दर सोमवारी तिथले सरपंच मल्लिकार्जुन यांना फोन करते.

"ट्रॅक्टर जातात का अजून?"

"काय सांगू मॅडम. दगड ठेवले की चार दिवस राहतेत. मग कुणीतरी बाजूला सारतंय. लांबून फिरून जायला लोकांच्या जिवावर येतं."

"मी येते."

"आजच येता?"

"आजच."

तिनं अर्ध्या दिवसाच्या रजेचा कागद लिहून टेबलावर ठेवला आणि मुरुडची बस धरली. सरपंचांना आणि शाळेच्या शिपायाला घेऊन तिनं दगड पुन्हा जागेवर आणले. ते करत असताना उसाच्या मोळ्या घेऊन एक ट्रॅक्टर आला. चालकानं खाली उतरून विचारलं, "बाई, रस्ता तर चांगला दिसून राहिलाय. काय झालंय त्याला?"

सुकन्यानं दोन्ही चेंबरची झाकणं उचलायला लावली, त्याला एकापाशी उभं केलं, दुसऱ्यापाशी जाऊन पर्समधला आरसा उन्हात धरला आणि ओरडून म्हणाली, "वाकून बघा."

तो वाकला. बराच वेळ बघत होता. मग ट्रॅक्टर मागं घेऊन वळवून गेला. त्याच्या मागं दुसरा उभा होता.